जळक्या कॉइलींचे फोटो

३ मार्च २०२५
माझ्या हातानं केलेल्या वस्तू: कॉइल गुंडाळायचं मशीन — सायकलचं चक्र, जुन्या टेपरेकॉर्डरचा काउंटर. कॉइल ज्यावर गुंडाळतात ते सागवानी फर्मे, सगळ्या मापांचे. वार्निश सुकवायची पत्र्याची पेटी. घरातला कूलर, पंखा सोडून सगळा. आणि 'ओटा' अ‍ॅपवरचा मोटर वाइंडिंगवाल्यांचा ग्रुप. गाळा भाड्याचा, म्हणून यादीत नाही.

यादी आजच का? शेवटची वस्तू 'ओटा'नं विकायला काढली! पंधरा तारखेपासून ग्रुपमधला जुना डाटा बघायला महिना नव्व्याण्णव रुपये. कुठल्या मोटरला किती वेढे, कुठल्या गेजची, म्हणजे जाडीची, तार — हे सगळं पोरांनी जळक्या मोटरी फोडून, एकेक वेढा मोजून टाकलंय. मी तपासलंय. फोटो नसला की पोस्ट परत! त्यासाठी शिव्या खाल्ल्यात. 'ओटा'नं काय मोजलं?

५ मार्च
माझ्याबरोबर ग्रुप सांभाळतो तो अक्कलकोटचा रुद्रप्पा. म्हणतो, कुलूप लावू, ग्रुप सगळ्यांनाच बंद. 'ओटा'वरच्या शेळीवाल्यांच्या ग्रुपनं लावलं, पाककृतीवाल्या बायकांनी लावलं. मी तयार होतो. तेवढ्यात नातेपुत्याहून अभिमन्यू वाइंडरचा फोन. "अण्णा, लावा की कुलूप! पण हितं साडेसात एचपीची मोटर जळून पडलीय, ऊस माना टाकाय लागलाय. शेतकऱ्याला काय सांगू — आमी संपावर हाय?"

राग आला. बरोबर बोलला म्हणून जास्त आला. कुलूप लावलं नाही.

६ मार्च
'ओटा'च्या मॅडमचा पुण्याहून फोन. फार गोड बोलल्या. विचार करून सांगतो म्हटलं. काय बोलणं झालं ते लिहीत नाही.

७ मार्च
जेवताना बायको, दानेश्वरी, म्हणाली, "तिसऱ्यांदा चटणी घेताय. भाकरी तर संपली कधीच. कुणाचा फोन होता?" कंपनीचा, म्हटलं. पुढं तिनं विचारलं नाही.

८ मार्च
रुद्रप्पानं ग्रुपात सगळ्यांसमोर लिहिलं — "येनप्पा शिवपुत्र, कुलूप का लावत नाहीस? किती आले?" वर हसरी तोंडं चार! उत्तर दिलं नाही. अंगाची आग झाली.

९ मार्च
सुचलं! मोटर उघडली की हात लावायच्या आधी जळक्या कॉइलचा फोटो — ग्रुपचा पहिला नियम, माझाच. आता फक्त तेवढंच टाकायचं. जळकी कॉइल आणि खाली आपला मोबाइल नंबर. ज्याला डाटा माहीत आहे त्यानं फोन करून तोंडी सांगायचा. जुना डाटा ज्याचा त्यानं घरी उतरवून ग्रुपातून काढून घ्यायचा. ग्रुप उघडा, मोटरी चालू, आणि 'ओटा'च्या हातात कोळसा!

रुद्रप्पाला फोन केला. म्हणाला, "हे कुलपापेक्षा वाईट आहे की रे." त्याच्याकडून एवढं म्हणजे हारतुरेच.

१० मार्च
मॅडमना उत्तर दिलं.

१२ मार्च
ग्रुप उघडला की काळंकुट्ट! मधोमध 'ओटा'ची जाहिरात — "पैसे भरा, खजिना उघडा" — वर जळकी कॉइल, खाली जळकी कॉइल! शेळीवाल्यांनी कुलूप काढून रिकाम्या दावणी टाकल्या. पाककृतीवाल्या बायका तर पुढच्या निघाल्या — नुसत्या करपलेल्या भाकरी! हसून हसून हातातला फर्मा पडला. (कोपरा उडाला. पुन्हा करायला हवा.)

अभिमन्यूचा फोन, मागं पाण्याचा आवाज. "अण्णा, ऐकू येतंय का? लई जोरात चाललीय!" तारेचं गेज काय घातलं ते आधी विचारलं. बरोबर घातलं होतं.

१४ मार्च
'ओटा' झुकलं! एक पैसा लावणार नाही, काढलेला डाटा परत टाकला तर पूर्वीसारखा फुकटच दिसेल. नोटिशीत म्हणे "गैरसमज" झाला. गैरसमज कसला — हरलात म्हणा की!

रुद्रप्पा एसटीनं आला, शेंगाचटणी घेऊन. "ते 'किती आले' मागं घेतो." म्हटलं, लिहिलं होतंस तिथंच घे. घेतलं, सगळ्यांसमोर. दोन ठिकाणी काना चुकला होता, तो दुरुस्त करायला लावला.

पहिल्या दिवशीची यादी वाचली. ग्रुप खोडणार होतो. खोडला नाही, शेजारी 'आणि इतरांच्या हातानं' लिहिलं.

१६ मार्च
काल दानेश्वरीला सांगितलं, म्हणून आता इथंही. मॅडमचं म्हणणं होतं — ग्रुप शांत ठेवा, सगळा डाटा तपासून कंपनीच्या नावे करून द्या. रुद्रप्पानं विचारलं तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण तोवर माझं ठरलं नव्हतं. दहा तारखेला नाही म्हटलं.

गाळा विकत द्यायला मालक साडेआठ लाख मागतोय. मॅडम नऊ म्हणाल्या होत्या.