दाजी, मी खड्ड्यातच होतो

प्रिय दाजी,

आज भोरच्या कोर्टात माझी साक्ष झाली. तुम्ही जाऊन चार महिने झाले, आणि या चार महिन्यांत तुमच्याबद्दल मी एक गोष्ट सगळ्यांना खोटी सांगत आलो. अक्काला, गावाला, फौजदाराला. आज भर कोर्टात ती खरी सांगितली. परतताना वाटलं, ज्यांच्या नावावर खोटं बोललो त्यांनाच सांगायचं राहिलं की! म्हणून कारखान्यातलं काम उरकून, हात न धुताच लिहायला बसलोय. कागदाला ग्रीसचे डाग लागतील. तुम्हाला त्याचं काय!

आपण दोघं भांडायचो तरी किती, आठवतं? कापूरहोळच्या फाट्यावर चहाची कपबशी हातात आली की तुमची सुरुवात व्हायची. धरणाच्या कामावरच्या त्या साखळीच्या लॉरीवर तुम्ही गाडी शिकलात. तिला भरीव रबराची चाकं, टप नाही, काच नाही, इंजिन सुरू करायचं हँडल उलटं बसलं तर मनगट मोडणार. तुमचं मोडलंही होतं! तरी तिचं नाव काढलं की तुमचा चेहरा उजळायचा.

"गेनू, त्या म्हातारीच्या ब्रेकची सळई हाताला लागायची. तुझ्या ह्या तेलाच्या ब्रेकात काय चाललंय ते दिसतं का कुणाला?"

"दिसायला कशाला पायजे, दाजी? तेल चारी चाकं सारखी दाबतं. तुमची सळई एक चाक धरायची, तीन सोडायची."

"तेल गळलं म्हंजी?"

"गळू न दिलं म्हंजी झालं की!"

लढाई संपली आणि रंगराव ठेकेदारानं तुम्हाला चालवायला मिलिटरीची लिलावातली लॉरी आणली, तेव्हा मी तुमच्या आधी तिच्याखाली शिरलो होतो. काय लोखंड होतं ते! पुढची चाकंसुद्धा ओढायची. तुम्ही तिच्या भोवती दोन चकरा मारल्या, टायरला लाथ घातली आणि म्हणालात, "गुणाची दिसती." तुमच्या तोंडून एवढंच निघालं, पण मला लढाई जिंकल्यासारखं वाटलं.

मग ती चैतातली दुपार. बाजारातलं मला मागाहून कळलं.

वेल्ह्याच्या बाजारात धनगरवाड्यावरची माणसं गाठोडी घेऊन बसली होती. बाया, लेकरं, दोन म्हातारे. ठेकेदाराला ती वरंध घाटात हिरडा वेचायला न्यायची होती, पोत्यांच्या थप्पीवर बसवून. तुम्ही ब्रेक दाबून पाहिलात, पाय थेट फळीला लागला. तुम्ही खाली उतरलात.

"माणसं बसवनार न्हाई. ब्रेक न्हाई गाडीला."

"सकाळी कसा व्हता?"

"सकाळी पोती व्हती. पोती मेल्यावर कुणी रडत न्हाई."

एवढ्यावर ठेकेदारानं चाबूक काढला. भर बाजारात, त्या बायांच्या देखत, चार फटके. तुमच्या सदऱ्याची पाठ उसवली. तुम्ही हात उचलला नाहीत. रिकामी लॉरी पहिल्या गियरात घालून, मुंगीच्या पावलानं कापूरहोळला माझ्या कारखान्यात आणलीत. खाली उतरलात तेव्हा पाठीचं रक्त सीटला चिकटलं होतं. मी ओरडलो, "दाजी, हे काय!" तर म्हणालात, "आधी चाक खोल."

चाक खोललं. आतली रबराची वाटी फुगून भजं झाली होती. कुणीतरी ब्रेकच्या तेलाऐवजी इंजिनाचं तेल ओतलं होतं. ते रबर खातं. म्हणजे ब्रेक वाईट नव्हता, दाजी! ओतणारा वाईट होता. मी तुम्हाला ते पटवून द्यायला लागलो आणि तुम्ही चक्क हसलात. "बरं बाबा, तूच खरा. पन वाट्या पुण्याहून येईपर्यंत हिचं चाक फिरता कामा नये."

आणि करंट वाटणाऱ्या डबीतला रोटर तुम्ही काढलात. अंगठ्याएवढी वस्तू, पण ती नसली की ठिणगी पडत नाही, आणि हत्तीएवढी लॉरी जागची हलत नाही. तो माझ्या हातात ठेवलात. "तुझ्यापाशी ठेव. माझी झडती घेतील."

मी तो कमरेच्या खिशात टाकला, चाक परत चढवलं आणि नळी बघायला लॉरीखालच्या खड्ड्यात उतरलो. तेवढ्यात लॉरी परत न्यायला ते दोघं आले. ठेकेदाराची माणसं, बाळू पैलवान आणि महिपा.

"मिस्त्री कुठाय?"

"नसरापूरला गेलाय," तुम्ही म्हणालात.

ते ऐकून मी हातातला पाना हळूच मातीवर ठेवला. आवाज होऊ नये म्हणून. ह्याची मला अजून लाज वाटते.

मला फक्त पाय दिसत होते. पैलवानाच्या वहाणा, महिपाचे अनवाणी पाय, तुमचे फाटके बूट. पैलवानानं हँडल मारून पाहिलं. दोनदा, तीनदा. इंजिन खोकलंही नाही. बॉनेट उघडल्याचा आवाज आला.

"रोटर दे."

"हिरीत टाकला."

पहिली थप्पड बसली ती मी ऐकली. मग तुमचे बूट एकदम पुढे सरकले आणि महिपा किंचाळला. तुमच्या हातात मोठा पाना होता, तुम्ही त्याच्या खांद्याचं हाड मोडलं होतंत, हे नंतर कळलं. दाजी, बाजारात चार फटके मुकाट खाणारे तुम्ही! पैलवानानं हँडल फिरवलं आणि तुमच्या गुडघ्यावर घातलं. ओली फांदी मोडावी तसा आवाज. तुम्ही खाली आलात. महिपा तुमच्या उरावर बसला, एका हातानं गळा दाबायला लागला, आणि तुम्ही त्याचं डोकं ओढून त्याचा कान तोडलात. दातांनी! तो तुकडा खड्ड्याच्या काठाशी, माझ्या तोंडापासून हातभर लांब पडला. महिपा गडबडा लोळायला लागला तेव्हा मला त्याचं तोंड दिसलं.

मग पैलवान हँडलनं मारतच सुटला. बरगड्यांवर, हातावर, पुन्हा बरगड्यांवर. "कुठाय? बोल, कुठाय?" प्रत्येक घावाला एक प्रश्न. तुम्ही म्हणत राहिलात, "हिरीत. हिरीत. हिरीत जा." माझा हात खिशावर होता, दाजी. मी तो रोटर एवढा घट्ट धरला होता की हाताला त्याचा वळ उठला. नुसता वर फेकला असता तरी तुमचा जीव वाचला असता की नाही? वाचला असता?

पुढं मी स्वतःला सांगत आलो, की दिला असता तर त्यांनी लॉरी नेली असती, वरंध घाटाच्या उतारावर ती सगळी लेकरंबाळं दरीत गेली असती. खरं आहे ते. पण ते सगळं मला नंतर सुचलं. तेव्हा मला फक्त भीती वाटत होती.

तुमचं डोकं खड्ड्याच्या काठाशी आलं. एक डोळा रक्तानं भरला होता, दुसऱ्या डोळ्यानं तुम्ही मला पाहिलंत. आणि अगदी हळू, घरातल्या घरात हाक मारावी तसं म्हणालात, "गेनू, ये."

मी आलो नाही.

हँडलचा शेवटचा घाव डोक्यावर बसला. त्यानंतर पैलवानही घाबरला असावा. महिपाला ओढत तो वेल्ह्याच्या बाजूला पळाला. पावलं ऐकू येईनाशी झाली तेव्हा मी वर आलो. बैलगाडी जुंपली, तुमचं डोकं मांडीवर घेतलं. भोरचा दवाखाना दूरच राहिला. फाट्यापासून अर्धा कोससुद्धा गेलो नसू, तुमचा श्वास थांबला.

दुसऱ्या दिवशी मी घण घेतला आणि त्या लॉरीचं तोंड फोडलं. दिवे, जाळी, काच. माझी बोटं रक्तबंबाळ झाली. फौजदार ओरडला, मुद्देमाल आहे म्हणाला, दोन शिपायांनी मला मागं ओढलं. तिचा काय गुन्हा होता, दाजी? तीच एक तर त्या दिवशी तुमच्या शब्दाला जागली.

आणि अक्कानं विचारलं, "शेवटी काय म्हनाले?" तर मी सांगितलं, "येऊ नको म्हणून हातानं खूण केली." केवढं सोपं होतं ते! गावानं तुमचा देव केला. माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नाही.

आज पैलवानाच्या वकिलानं माझ्या जबाबातलं तेच वाचून दाखवलं. "मयतानं तुला येऊ नको अशी खूण केली, बरोबर?"

अक्का भिंतीशी बसली होती. पैलवान पिंजऱ्यात उभा होता, महिपा शेजारी, एका बाजूला कान नसलेला. मी म्हणालो, "न्हाई साहेब. ते ये म्हनाले. मी गेलो न्हाई."

"मग आधी खोटं का सांगितलंस?"

"मला जगायचं व्हतं. तवाबी आन् नंतरबी."

वकील हसला. म्हणाला, असल्या भित्र्या माणसाच्या शब्दावर काय विश्वास ठेवायचा. पण न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं आणि वेल्ह्याच्या बाजारात चाबूक कुणी कुणी पाहिला ते विचारलं. पुढच्या तारखेला ते साक्षीदार आणायचे आहेत. ठेकेदार अजून मोकळा आहे, दाजी. तो त्या वेळी कापूरहोळला नव्हता ना!

कोर्टाबाहेर अक्का माझ्यापुढं चालत होती. मोटारी उभ्या राहतात तिथं एकदम थांबली, वळली आणि माझ्या तोंडात मारली. लोक बघायला लागले. मी मान खाली घातली.

"चार महिनं मला वाटतंय, मरताना ह्या मानसाला कुनाची गरजच लागली न्हाई," ती म्हणाली. "ना माझी, ना तुझी. देव म्हनून गेला. आन् तो हाक मारत व्हता? मानूस व्हता रं तो माझा! त्याचा शेवटचा शब्द तू माझ्यापासनं लपीवलास."



मग तिनं माझा दंड धरला. "सांग. कसं म्हनाले? ओरडून?"

"न्हाई अक्का. हळू. घरात हाक मारत्यात तसं."

"म्हनून दाखीव."

मी तुमच्या आवाजात म्हणून दाखवलं. दाजी, चार महिन्यांत अक्का रडली नव्हती. आज तिथंच, धुळीत बसून रडली. मीही शेजारी बसलो. एक मोटार आली, गेली.

माफी मागायला हे लिहिलेलं नाही. ती तुम्ही कुठून देणार? एक राग मात्र आहे तुमच्यावर. तो रोटर माझ्यासारख्याच्या हाती का दिलात? तुम्हाला मी एवढा मोठा वाटलो होतो का?

संध्याकाळी ठेकेदाराचा माणूस कारखान्यासमोरून दोनदा गेला. तिसऱ्यांदा थांबून म्हणाला, "मिस्त्री, हात शाबूत तर धंदा शाबूत." मी आत गेलो नाही, दारातच उभा राहिलो.

सोमवारी मी वेल्ह्याला जाणार आहे. चालत, भर बाजारातून, ठेकेदाराच्या ओसरीसमोरून. तिथून वर धनगरवाड्यावर, ज्यांनी तो चाबूक पाहिला त्यांना खाली आणायला. अक्का म्हणते, मीबी येती. तिला नको म्हणायची माझी छाती नाही. वचन देतो, साक्षीदार घेतल्याशिवाय परतणार नाही. भीती आहे, दाजी. तरी जाणार.

तुमचा मेहुणा,
गेनू मिस्त्री
कापूरहोळ