मेलेला म्युटंट

५ जानेवारी २००४, सकाळी ६
शी. पुन्हा वाल. आई मोड आलेले वाल सोलून मुरबाडला विकते, आणि सोलायला मी. बुळबुळीत सालं, नखांत चिकट घाण, वर तो उग्र वास. उद्यापासून साफ बंद. शास्त्रज्ञ आहे मी. लॅबमध्ये कोणाला कळता कामा नये.

त्याच दिवशी, दुपारी
संशोधन मात्र त्याच वालावर. त्यातलं एक प्रथिन मॅनोज नावाच्या साखरेला धरतं. मी त्याची एकच जागा बदलून म्युटंट, म्हणजे बदललेलं रूप, बनवला. आता तो मॅनोज सोडून गॅलॅक्टोज ही दुसरी साखर धरणार. तीन वर्षं गेली त्यात. ३१ मार्चला पीएच.डी.ची मुदतवाढ संपते. जमलं तर डॉक्टर, आणि एमआयडीसीतल्या या लॅबमध्ये कायम नोकरी. न जमण्याचा प्रश्नच नाही.

१९ जानेवारी
आज पहिली टेस्ट. वाल सोललेच, काय करणार, आईची बोटं सुजलीत. 'हात धू नि जा रे' म्हणाली. किन्हवलीची एसटी लागलेली, रुमालाला पुसले. ग्लोव्ह्ज घालत नाही. घाम येतो, किळस वाटते.
सशाचं रक्त. श्वास रोखून थेंब टाकले. प्रथिनाने साखर धरली की रक्तपेशी चिकटून तळाशी पसरतात, नाहीतर लाल ठिपका बसतो.
पसरल्या! सगळ्या!

२० जानेवारी
वंदना मॅडम, माझ्या गाइड, म्हणाल्या गॅलॅक्टोज टाकून बघ, चिकटणं थांबलं पाहिजे. थांबलं नाही. म्हणजे पकड फारच जबर आहे. मॅनोजने थांबलं. किरकोळ गोष्ट. नुसत्या मिठाच्या पाण्याची, प्रथिन न घातलेली कंट्रोल रांग लावली नाही. कंट्रोल संशयी लोकांसाठी असतो.

११ फेब्रुवारी
ज्युनिअर दीप्तीने माझ्या म्युटंटवर तीच टेस्ट केली. नुसते ठिपके. मॅनोज नाही, गॅलॅक्टोज नाही, काहीच धरत नाही. तिचा हातच वाईट. मॅडमना तसं सांगितलं.

१२ फेब्रुवारी
मॅडमनी मला समोर बसवून पाण्याची रांग लावायला लावली. पेशी पसरल्या. पाण्यात!
मॅडम माझ्या नखांकडे बघत राहिल्या. हे काय, म्हणाल्या. साल होतं. कच्च्या वालातलं अस्सल प्रथिन मीच रोज हाताने लॅबमध्ये आणत होतो. सगळ्यांसमोर साबणाने हात धुवायला लावले. मग ठिपके. दीप्ती हसली नाही, तेच जास्त लागलं.

१६ फेब्रुवारी
घाण वाटते सगळ्याची. वालाची, सशाची, त्या म्युटंटची. साखर धरणारं प्रथिन म्हणे, आणि साखरच धरत नाही. असल्या मढ्यावर माझं नाव? मॅडमना सही करून पत्रच दिलं: हा निकामी म्युटंट माझं काम समजू नये, मी यावरचा हक्क सोडत आहे. मॅडम म्हणाल्या, घाई करू नकोस, दीप्ती अजून तपासतेय. मी ऐकलं नाही. माणसाने बाणेदार असावं.
दीड महिन्यात नवा म्युटंट. सहज.

१५ मार्च
नवा म्युटंट अजून नाही. ज्यांच्यात तो वाढवायचा ते बॅक्टेरिया सडले. वास! गेल्या आठवड्यात वीज नव्हती. माझा काय दोष?

३१ मार्च, संध्याकाळी
सेमिनार होता, बाहेरचे तज्ज्ञ पाहुणे आलेले. आणखी मुदतवाढ मागायला तयारीनिशी गेलो.
आधी दीप्ती उभी राहिली. म्हणाली, तो मेलेला म्युटंट मुळात धडधाकट आहे. घडण शाबूत, फक्त साखर धरता येत नाही. म्हणजे बदललेली ती एकच जागा साखरेला पकडते. हे आजवर कोणाला माहीत नव्हतं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हणाले, एवढ्यावर पीएच.डी. होते.
मी ताडकन उठलो. म्हणालो, ती जागा मी निवडली, म्युटंट माझा आहे.
मॅडमनी फाइलमधून कागद काढला. आवाज चढवला नाही.
"इंद्रजीत, ही सही तुझीच ना?"
हो म्हणालो.