सेमिटिकचं कपाट

ताई, भाऊजींसकट नमस्कार घे.

महिनाभर पत्र टाळलं, कबूल. आता ग्रंथालयात कामाला आहे, दोन वेळ पोटभर जेवतो. आईचा गुडघा कसा आहे?

परवा मात्र घोळ घातला. अरबी, हिब्रू आणि इथिओपियातल्या अम्हारिक भाषेतली पुस्तकं 'वंश' या कपाटात रचून वर चिठ्ठी लावली, 'सेमिटिक रक्ताचे लोक'. रोज येणारे म्हातारे ज्यू मास्तर, लहानपणी युरोपातून जीव वाचवून आलेले, ती वाचून ताडकन उठले. "असल्याच चिठ्ठीपायी आमचं घर गेलं. पुन्हा इथं पाऊल ठेवणार नाही."

ग्रंथपालबाई कडाडल्या, "अरे दिवट्या, ते भाषांचं कूळ! बायबलातल्या नोहाचा मुलगा शेम, त्याच्यावरून पंडितांनी अडीचशे वर्षांपूर्वी पाडलेलं नाव. रक्त लोकांनी मागून चिकटवलं. शनिवारपर्यंत नीट लाव, नाहीतर गाठोडं बांध!"

एरवी मी गाठोडंच बांधलं असतं, तू ओळखतेसच. या वेळी नाही. दोनशे पुस्तकं भाषांच्या कपाटात हलवली, चुलत बहिणींसारखी शेजारी शेजारी. नवी चिठ्ठी लिहिली, 'सेमिटिक: हे भाषांच्या कुळाचं नाव आहे, माणसांच्या रक्ताचं नाही.'

थांब, ग्रंथालयातच बसून लिहितोय, दार वाजलं. ताई, मास्तर आलेत! चष्मा पुसून चिठ्ठी दोनदा वाचली, आणि आपली नेहमीची खुर्ची ओढली.

तुझा, अजून इथंच टिकलेला,
धाकटा