पिशवीतलं पेन

प्रिय मोना,

सप्रेम जयभीम. तुझ्या आईच्या पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्याच दिवशी तू मस्कतला परत गेलीस, त्याला आज महिना झाला. फोनवर तू विचारतेस, जेवलात का, मी हो म्हणतो आणि ठेवून देतो. तोंडाने बोलायला जमत नाही, म्हणून लिहितोय. मी बरा आहे. म्हणजे काहीच वाटत नाही. सकाळी चहा दोन कपांचा टाकतो आणि एक ओतून देतो. रडू अजून आलेलं नाही. शेजारची चांगुणा म्हणते, रडा भाऊजी, मोकळे व्हा. मी म्हणतो, बघू. भात झोडून झालं, पोती पडवीत लावली. कामं होतात.

गांधीलमाशी चावून तुझ्या आईचा घसा सुजला होता, ती कशीबशी वाचली, त्यानंतरच्या सुट्टीत तू ती दोन पेनं आणलीस. पेन कसलं, इंजेक्शनच ते. रिकाम्या पेनवर आमचा सराव घेतलास. मांडीवर, लुगड्यावरूनच जोरात दाबायचं, दहापर्यंत मोजायचं, लगेच १०८ ला फोन. तुझी आई हसत होती, लेक मास्तरीण झाली म्हणून. दोन्ही पेनं कायम तिच्याजवळ राहू द्या, फ्रिजमध्ये ठेवू नका, असं तू तीनदा बजावलंस. मी मान डोलावली. पण मोना, गुरांच्या दवाखान्यात मी तीस वर्षं काढली. लाळ्याखुरकताची लस बर्फाच्या डब्यात घालून भंडारदऱ्याच्या वरच्या वाड्या चढलो. डबा उन्हात राहिला म्हणून शिपायांना झाप झाप झापलंय. औषध तापलं की वाया गेलं, हे माझ्या हाडात मुरलेलं.

त्या दिवशीचं तुला सगळ्यांनी सांगितलंच आहे. वावरात भाताची सोंगणी चालू होती. ऊन मी म्हणत होतं. बांधाच्या बिळातून गांधीलमाश्या उठल्या, तुझ्या आईला मानेवर चार-पाच ठिकाणी चावल्या. चांगुणाने १०८ ला फोन लावला. मी पिशवी उपडी केली. भाकरी, पाण्याची बाटली, चष्मा. पेन नाही. घरी धावलो, घेऊन आलो. साठी उलटलेला माणूस किती धावणार. लुगड्यावरून दाबलं, दहापर्यंत मोजलं, पुढेही मोजत राहिलो. मग दुसरंही दिलं. गाडी आली तेव्हा ती गेली होती. चांगुणाने गावभर सांगितलं, बाई पेन घरीच विसरली. आणि पुण्यानुमोदनाला माणसं बसलेली असताना तू तिच्या फोटोसमोर म्हणालीस, आई, एवढं एक तुला लक्षात ठेवता आलं नाही? परवा फोनवरही तेच म्हणालीस. तिच्यावर राग आहे, त्यामुळे फोटो बघवत नाही, म्हणालीस.

ती विसरली नव्हती. दोन्ही पेनं तिने सकाळी भाकरीच्या आधी पिशवीत घातली होती, रोज घालायची. ती शेळी सोडायला मागे गेली तेव्हा मी पेनं काढली आणि फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्यामागे ठेवली. पिशवी दिवसभर बांधावर तापणार, वावर घरापासून हाकेच्या अंतरावर, लागलंच तर आणू, असा माझा हिशोब. उन्हाळ्यापासून मी हेच करत होतो आणि संध्याकाळी गुपचूप परत ठेवत होतो. तिला कधी कळलं नाही. खाली पडल्यावर ती मला म्हणाली, “पिशवीत हाय, पिशवीत बघा.” पिशवीत नाही हे मला ठाऊक होतं. तरी चांगुणा बघत होती म्हणून मी पिशवी उपडी करून शोधल्यासारखं केलं. धावायच्या आधी तेवढा वेळ मी त्यात घालवला. नंतर लोक ती विसरली म्हणत राहिले आणि मी गप्प बसलो. तू म्हणालीस तेव्हाही गप्प बसलो. चांगुणाला आज सकाळी सांगितलं, आता तुला सांगतोय. मला माफ कर असं लिहीत नाही. रागवायचं तर माझ्यावर रागाव आणि आईचा फोटो भिंतीवर लाव.

तुझाच,
बाबा