बिनपदराची अम्मी

प्रिय सबिहाआपा,

तू नागपूरहून पाठवलेला बाळाचा फोटो बघितला. नाक थेट आपल्या अम्मीचं.

माझ्या चित्राला भोरच्या प्रदर्शनात पहिला नंबर मिळाला. चित्र अम्मीचंच आहे. जुन्या राजेरजवाड्यांची तैलचित्रं असतात ना, मागे गडद अंधार आणि चेहऱ्यावर एका बाजूनं उजेड, तसं रंगाचे पातळ थर चढवत काढलंय. पण अम्मी बसलीय एसटीच्या सीटवर, आणि सीट तरंगतेय तोरणा किल्ल्याच्या वर. खांद्यावर सिनेमातल्या सुपरहिरोचा लाल झगा, मांडीवर मोबाईल गेममधला राक्षस मांजरासारखा पेंगतोय, आभाळात ढगांऐवजी मोबाईलमधले पिवळे हसरे चेहरे. डोक्यावर पदर नाही. केसही नाहीत.

बक्षीस देताना पाहुणे म्हणाले, बाई टकली दाखवायची कल्पना अफलातून! टाळ्या पडल्या. मी हसून मान डोलावली, आणि मागच्या रांगेत अम्मी दिसली. मी तिला बोलावलंच नव्हतं. शेजारचे लतीफचाचा कौतुकानं तिला नसरापूरहून घेऊन आले होते. दोन पोरी चित्राशेजारी खिदळत सेल्फी काढत होत्या आणि अम्मी पदर कपाळापर्यंत ओढून उभी. आपा, तिथल्या तिथं जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

ती जवळ आली, बराच वेळ बघत राहिली. “हात लई निगुतीनं काडलेस,” म्हणाली. “पर मला एकदा इचारायचं व्हतंस, झुल्फी. मी अंगणातसुदिक उघड्या डोक्यानं येत न्हाई.” घरी मी म्हटलं, उद्या चित्र उतरवतो. तर म्हणाली, “आता उतरवून काय? फोटू समद्यांच्या मोबाईलात गेला. सबिहाला दिसायच्या आदी तू सांग.”

दोनदा तुला फोन लावला आणि बाळाची चौकशी करून ठेवून दिला. म्हणून लिहितोय. चित्रातलं बाकी सगळं माझ्या मनचं आहे, आपा. ते डोकं तेवढं खरं आहे. अम्मीच्या छातीत कॅन्सरची गाठ निघाली. तुला तेव्हा सातवा लागला होता, म्हणून तुला कळवायचं नाही अशी तिनं मला शपथ घातली. केमोनं केस गेले. गाठ कमी होतेय, असं डॉक्टर म्हणतात. जे तिनं पोटच्या पोरीपासून झाकलं, ते मी भिंतीवर टांगलं आणि वर बक्षीस घेतलं. मला काय बोलायचं ते इथं येऊन बोल. अम्मीनं बाळासाठी दुपटं शिवलंय. पोस्टानं पाठवू का विचारलं, तर नको म्हणाली.

तोंड लपवून बसलेला, तरी तुझाच,
झुल्फी