पश्चिमेकडचा अडथळा

३ फेब्रुवारी
आज तीनशे बारा नवे तुकडे! काल वर दोन उपग्रह एकमेकांवर आदळले. त्यातला एक तर कचरा गोळा करायलाच पाठवला होता. साहेब बैठकीत म्हणाले, "तांत्रिकदृष्ट्या तो कचऱ्यापर्यंत पोचला."
आता प्रत्येक तुकड्याला नंबर द्यायचा, त्याची वाट मांडायची, तो कशावर आपटेल ते बघायचं. आपटला की पुन्हा नवे तुकडे. माझी नोकरी पक्की!

६ फेब्रुवारी
पश्चिमेचे तुकडे रडारवर उशिरा दिसतायत. दोन दिवस आम्ही यंत्र खोलून बसलो. शेवटी शिपाईमामांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं — "मॅडम, तो डोंगर आडवा येतोय."
डोंगर कसला, कचरा डेपो! मी नोकरीला लागले तेव्हा कुंपणाआड होता. आता गाद्या, टायर, फुटके कमोड, आमचेच जुने संगणक — सगळं मिळून आमच्या अँटेनाच्या वर गेलंय. आपण वर फेकलेलं खाली येईना, आणि खाली फेकलेलं वर चाललंय.

११ फेब्रुवारी
साहेबांचा तोडगा — अँटेनाच ढिगाऱ्याच्या माथ्यावर न्यायचा! समितीने टाळ्या वाजवल्या.
माथा सपाट करणार डेपोचा बुलडोझर. म्हणजे तो चालवणारा माझा दादा. घरी सांगितलं तर त्याचा घास हातातच राहिला.
"माथ्याला भेग पडलीय गं. अख्खा हात आत जातो. आत गरम लागतं."
"मग नाही म्हण ना!"
"कुणाला? मुकादम म्हणतो, वरून आदेश आहे."
वरून म्हणजे आमच्याकडून.

१२ फेब्रुवारी
भेगेबद्दल लेखी दिलं. फोटोसकट.

१९ फेब्रुवारी
उत्तर आलं! "सदर भेग या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही." तीनशे बारा तुकड्यांच्या कक्षा मला पाठ आहेत. ही एक नेमकी निसटली.

२३ फेब्रुवारी
दादा उद्या माथ्यावर चढणार. सकाळी हात जोडले, मग भांडले. "कामाला जाणाऱ्याला असं अडवू नकोस," म्हणाला आणि चपला घातल्या.
ऑफिसात आले, दार लावलं आणि दुसरी तक्रार लिहिली. सदर चालक डबा खातानाही मशीन चालू ठेवतो, त्या धुराची काजळी अँटेनावर बसते, उद्घाटनाच्या पाहुण्यांना वाईट दिसेल. खाली चालकाचं पूर्ण नाव. सख्ख्या भावाचं.
चाळीस मिनिटांत निलंबन! भेगेला आठवडा लागला होता, तोही नाही म्हणायला.

२४ फेब्रुवारी
दादा बोलत नाही. वहिनीने ताट ठेवलं आणि आत निघून गेली. "सख्खी बहीण ना ही!" — एवढंच ऐकू आलं.
दे शिव्या. कितीही दे. पण खालीच राहा. खूप दिवसांनी पोटभर जेवले.

२६ फेब्रुवारी
नवे तुकडे अठरा. साहेब फीत कोणत्या रंगाची आणायची या विवंचनेत. मी म्हटलं, काजळीत उठून दिसेल अशी आणा. त्यांनी लिहून घेतलं!
दादा दिवसभर पलंगावर, भिंतीकडे तोंड करून. त्याच्याकडे बघत मी मात्र निवांत चहा प्यायले.

२८ फेब्रुवारी
सकाळी दहाला माथा खचला. बुलडोझरसकट.
दादाच्या जागी परवापासून दुसरा चालक दिला होता. मी विचारलंच नव्हतं.
अजून सापडलेला नाही. दादा तिथे उकरतोय. हातांनी.