पाहुणे पाण्याकडे बघत नाहीत

वन्संना बोर्गहिल्डचा नमस्कार.

तुमचा खोकला आता गेला असेल अशी आशा करते. (गेला नसेल तर स्प्रूसच्या झाडाच्या कोवळ्या कोंबांचा पाक पाठवते, यंदा चांगला उतरला आहे.) इकडे बटाटे काढून झाले, छपराची डागडुजी झाली, आणि मी दोन्ही वेळा नीट जेवते. हे शेवटचं मुद्दाम लिहिलं, कारण फोनवर तुम्ही दर वेळी तेच विचारता आणि मी "हो" म्हटलं की तुम्हाला ते खोटं वाटतं.

बोट शेटिलला द्यायची की नाही, ते मासेमारीचा हंगाम संपला की सांगते असं मी कबूल केलं होतं. हंगाम संपला. शेटिल तुमचा मुलगा, मलाही भाचा म्हणून लाडका. मामाची बोट ट्रॉन्डहाइमला नेऊन हॉटेलाच्या मधोमध ठेवायची, तिच्यात बर्फ भरायचा आणि बर्फावर कोळंबी मांडायची, ही त्याची कल्पना वाईट आहे असं मी कधी म्हटलं नाही. मध्यंतरी तो टेप घेऊन येऊन मापंही घेऊन गेला. "मामी, कडेनं लिंबाच्या फोडी लावू, मामाला आवडलं असतं," म्हणाला. (तुमच्या बंधूंना लिंबू चालत नसे. पण पोराचा उत्साह पाहून मी गप्प बसले.) तर बोटीचं काय ते सांगतेच, पण त्याआधी पाहुण्यांचं सांगायला हवं.

दर जुलैत आठवडाभर मासे धरायला येणारे ते दोघे तुम्हाला आठवत असतील. एक डेन्मार्कचे दातांचे डॉक्टर प्रेबेन आणि दुसरे यॉर्कचे निवृत्त न्यायाधीश हॅलिवेल. दोघांनाही तोच आठवडा हवा असतो, म्हणून वर्षानुवर्षं एकाच बोटीत बसतात आणि शेजारच्या माणसामुळे साल्मन मासा पळतो असं दोघंही मानतात. मी वसंतातच दोघांना कळवलं होतं, हे गेले, वल्हवायला कुणी नाही, येऊ नका. उत्तर आलं नाही, माणसंच आली. दारात उभे, छातीपर्यंत रबरी विजारी, न्यायाधीशांच्या दंडाला काळी फीत, प्रेबेनच्या हातात फुलं. मी विचारलं, आता बोट कोण वल्हवणार? तर न्यायाधीश म्हणाले, "वहिनी, आम्ही बांधलेल्या बोटीत नुसते बसू. तुम्ही आमची काळजी करू नका."

आणि खरंच जाऊन बसले हो. पाऊस आला तरी बसलेले. बोट खुंट्याला, गळ पाण्यात, दोघं शेजारी शेजारी ताठ. रस्त्यावरून जाणारे मोटारी थांबवून बघायला लागले. शेवटी लोकलाजेस्तव मी तुमच्या बंधूंचा रेनकोट चढवला आणि वल्ही हातात घेतली. (वल्हवण्याचं काही नाही. पूल व्हायच्या आधी शाळेत मी वल्हवतच जात होते. पण मासा कुठे असतो ते मला ठाऊक नाही. मी यांना कधी विचारलं नाही, यांनी कधी सांगितलं नाही.)

आपल्या नदीवर मासा खरा पकडतो तो वल्हेकरी, हे तुम्हाला मी काय सांगणार? पाहुण्यांनी मागे बसून गळ सोडून ठेवायचे आणि वल्हेकऱ्यानं बोट या काठावरून त्या काठाला नेत नेत हळूहळू खाली उतरवायची. फोटो तेवढा पाहुण्याचा. मी आपली अंदाजानं नेत होते. पण वन्सं, ते दोघं पाण्याकडे बघेचनात. दोघंही एकटक माझ्या तोंडाकडे बघत बसलेले. आधी वाटलं, तोंडाला काजळी लागली असेल. मग वाटलं, कीव करताहेत. कीव मला सोसत नाही, हे तुम्ही जाणता. मी तोंड आणखी घट्ट केलं. तसे ते आणखी हिरमुसले. दोन दिवस असेच गेले. मासा तर सोडाच, काडीही लागली नाही.

मग एकदा मोठ्या खडकाच्या खालच्या अंगाला एक गोमाशी येऊन माझ्या कपाळावर बसली. दोन्ही हात वल्ह्यांवर, तेव्हा मी भुवया वरखाली करून तिला उडवू लागले. त्याबरोबर दोघंही आपापल्या गळांवर तुटून पडले. न्यायाधीश तर उभेच राहिले (बोटीत!) आणि खाली बसले ते वॅफलांच्या डब्यावर. दोघांच्याही गळांना काही नव्हतं. पण मधला तिसरा गळ, जो कुणाचाच नसतो, त्याची काठी कमानीसारखी वाकली आणि दोरी सूं सूं सुटू लागली.

एरवी या गळावरून दोघांची कोर्टकचेरी चालायची. आज मात्र प्रेबेन म्हणाले, "तुम्ही घ्या." न्यायाधीश म्हणाले, "छे, छे, तुमचा मान." "अहो, तुम्ही वडील." "फक्त सात महिन्यांनी!" तिकडे मासा समुद्राच्या वाटेला लागलेला. मी ओरडले, "घ्या कुणीतरी, नाहीतर दोघांनाही ढकलते पाण्यात!" प्रेबेननं घेतला. न्यायाधीश हळूच म्हणाले, "तुमचा ओड्वार एवढ्या मोठ्यानं म्हणायचा नाही, पण म्हणायचा हेच."

काठाला लागलो. चांगली थोरली मादी होती, म्हणजे नियमानं सोडायचीच. न्यायाधीश टोपी काढून छातीइतक्या गार पाण्यात उतरले आणि ती सावरेपर्यंत तिचं तोंड प्रवाहाकडे धरून उभे राहिले. दात वाजत होते, पण हात हलला नाही. या माणसांची मी उगाच चेष्टा करत आले, असं वाटलं.

कॉफी ओतताना मी विचारलंच, माझ्या तोंडाकडे काय बघता? दोघंही शाळकरी मुलांसारखे खाली बघू लागले. मग प्रेबेन म्हणाले, "वहिनी, पाण्याकडे आम्ही कधीच बघितलं नाही. ओड्वारची डावी भुवई वर गेली की गळ धरायचा. मासा मागून यायचा."

"इतक्या वर्षांत भुवई दोनदाच चुकली," न्यायाधीश म्हणाले.

"एकदाच. दुसऱ्या वेळी तुम्ही घोरत होतात."

वल्हेकऱ्याचं तोंड पाहुण्यांकडे असतं, हे मला काय माहीत नव्हतं? पण घरी हे आपल्या ताटाकडे बघून जेवायचे, मी माझ्या. एवढा संसार झाला, ती भुवई मी पाहिली नव्हती. मी म्हटलं, करून दाखवा. प्रेबेननं बोटानं वर ढकलून दाखवली. न्यायाधीशांच्या दोन्ही वर गेल्या. "एवढी नाही हो, ते काय घुबड होतं?" "तुम्ही कडेला बसायचात, तुम्हाला काय दिसणार!" मी हसले. मग ते नुसतं हसणं राहिलं नाही. तेव्हा दोघंही मुकाट्यानं उठून पार पाण्याशी गेले आणि माझ्याकडे पाठ करून, नदी चढते आहे की उतरते आहे यावर मोठमोठ्यानं भांडत राहिले. मी डोळे पुसून भांडी धुवीपर्यंत त्यांचं भांडण संपलं नाही. अशी माणसं तुमच्या बंधूंनी जोडली होती.

पुढचे पाहुणेही आले, मी सगळा हंगाम वल्हवला. मासे थोडेच मिळाले. कुणी कुरकुरलं नाही.

तुमच्या जावईबापूंना आणि नातवंडांना आशीर्वाद.

तुमची
बोर्गहिल्ड

ता. क. बोट देत नाही. शेटिलला तुम्हीच सांगा, त्याच्या तोंडावर मला सांगवणार नाही. कोळंबीसाठी गोठ्यातली गुरांना पाणी पाजायची लाकडी डोण न्यावी. लांबीला बोटीएवढी नाही, पण गळत नाही.

आणखी एक. वरचं वाचून वाटेल की मी पाहुण्यांसाठी बोट ठेवते आहे. ते पुरतं खरं नाही. यांना लहानपणी वल्ही धरायला तुम्हीच शिकवलंत, आणि तुम्हा भावंडांची चेहरेपट्टी एकच आहे. बर्फ वितळला की एकदा या. वल्ही तुम्ही घ्या, मी मागे बसेन. गळ टाकला नाही तरी चालेल.